संगीत विभागाला देणगी द्यायची तर माणसांसाठी

विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. कोणा एका राजाच्या मर्जीवर अवलंबून नसलेली, जलशांची तिकिटे, वर्गण्या आणि लोकांच्या देणग्या यांवर चालणारी संगीतशाळा ही त्या काळात नवीच गोष्ट होती. १९०८ मध्ये ते मुंबईला आले आणि पुढे सँडहर्स्ट रोडवर त्यांनी विद्यालयाची स्वतःची मोठी इमारत उभी केली. तिच्यासाठी कर्ज काढले आणि ते फेडण्यासाठी गावोगाव जलसे केले. तरी कर्ज फिटले नाही आणि १९२० च्या दशकात ती वास्तू लिलावात गेली. पण याच विद्यालयात एक उपदेशक वर्ग होता. त्यातल्या मुलांच्या राहण्याजेवणाची सोय बुवा करत, त्यांना वर्षानुवर्षे शिकवत आणि त्या बदल्यात पुढे त्यांनी संगीताचा प्रसार करावा अशी बोली असे. पलुस्करांच्या हाताखालून विनायकबुवा पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर असे शिष्य बाहेर पडले. देवधरांनी १९२५ मध्ये मुंबईत आपली शाळा काढली, विनायकबुवांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले, आणि ओंकारनाथांनी पुढे बनारस हिंदू विद्यापीठातल्या संगीत विभागाची धुरा उचलली. एकाच संस्थेने आपला पैसा दोन ठिकाणी घातला होता. भिंतींत घातलेला बुडाला, माणसांत घातलेला शंभर वर्षांनंतरही फळ देतो आहे.

विद्यापीठांच्या संगीत विभागांना आज मिळणाऱ्या देणग्यांकडे या हिशेबाने पाहायला हवे. आपल्याकडे देणगीदार नाहीत असे मुळीच नाही. सुवर्णपदके ठेवली जातात, स्मृतिसमारोह होतात, सभागृहांना नावे दिली जातात, ध्वनियंत्रणा भेट मिळते. या देणाऱ्यांच्या भावनेबद्दल मला आदर आहे. त्यांच्यातले बरेचजण स्वतः कानसेन असतात. परंतु त्याच विभागांत मंजूर पदे वर्षानुवर्षे रिकामी असतात, शिकवणारे तासिका तत्त्वावर येतात आणि पुढच्या वर्षी येतील की नाही हे त्यांनाही ठाऊक नसते. तबल्याची साथ करणारा ज्या दिवशी मिळेल त्या दिवशी मिळतो. माझे म्हणणे एवढेच आहे की विद्यापीठीय संगीताला द्यायची देणगी प्रामुख्याने कायम ठेवीच्या रूपात असावी आणि तिचे व्याज शिक्षक, संगतकार व विद्यार्थी यांच्या वेळेवर खर्च व्हावे. बाकी सगळे त्यानंतर.

यामागचे कारण वर्गात दहा मिनिटे बसले तरी कळते. एम. ए. च्या वर्गात गायनाचे आठ विद्यार्थी आहेत असे धरू. मुलगे काळी एक किंवा पांढरी दोनमध्ये गातात, मुलींचा षड्ज काळी चार किंवा काळी पाचला बसतो. सगळ्यांना एकत्र बसवून यमन शिकवायचा तर कोणती तरी एकच पट्टी धरावी लागते. मग मुलींना खर्जात उतरताना स्वर सापडत नाही किंवा मुलग्यांना तार षड्जावर गळा ताणावा लागतो. म्हणून शिक्षक दोन गट करतात, तंबोऱ्याच्या तारा पुन्हा मिळवतात किंवा मोबाईलवरच्या तंबोऱ्याची पट्टी बदलतात. तासाच्या साठ मिनिटांतली उरलेली आठांत वाटली की एकेकाच्या वाट्याला पाच-सहा मिनिटे येतात. तेवढ्यात बड्या ख्यालाचा मुखडा समेवर कसा आणायचा हे सांगता येते, पण तो विद्यार्थ्याकडून दहा वेळा म्हणवून घेता येत नाही. आणि ख्याल येतो तो म्हणवून घेण्यातून. गणिताच्या शिक्षकाला वीसऐवजी साठ मुले दिली तर शिकवणे अवघड होते. गाण्याच्या शिक्षकाला दिली तर त्याचे स्वरूपच बदलते, तालमीचे समूहगान होते.

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगक्षम कलांच्या अर्थकारणावर जे पुस्तक लिहिले त्यातले मुख्य निरीक्षण इथे जसेच्या तसे लागू पडते. कारखान्यात यंत्रे सुधारतात, तितक्याच कामगारांकडून जास्त माल निघतो आणि पगारही वाढतात. गाण्याबजावण्यात तसे होत नाही. चार वादकांची अर्ध्या तासाची रचना दोनशे वर्षांपूर्वीही चार माणसांचा अर्धा तास मागत होती आणि आजही तेवढाच मागते. मात्र त्या वादकांना जगायचे असते, म्हणून त्यांचे मानधन इतर क्षेत्रांच्या मागोमाग वाढतच राहते. म्हणजे संगीत शिकवण्याचा खर्च दर पिढीत तुलनेने वाढणार, आणि यात कोणाचा आळस किंवा गैरकारभार नाही. तो त्या कामाचा स्वभाव आहे. विद्यापीठाचा वित्ताधिकारी दर विद्यार्थ्यामागचा खर्च पाहतो तेव्हा संगीत विभाग त्याला महागडा आणि म्हणून कापण्याजोगा दिसतो. एकदाच दिलेली वस्तू, मग ती कितीही किमती असो, ही वाढत जाणारी तूट भरू शकत नाही. ती भरायला दरवर्षी येणारे उत्पन्न लागते.

संस्थानांच्या काळात हे उत्पन्न दरबारातून येई. स्वतः पलुस्कर घडले ते मिरजेच्या संस्थानिकांच्या आधाराने, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे; विनायकबुवाही लहानपणी लाहोरला गेले ते मिरजेच्याच शिष्यवृत्तीवर. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या पदरी कोल्हापुरात राहिले म्हणून जयपूर घराण्याची पाळेमुळे महाराष्ट्रात आणि गोमंतकीय गायिकांपर्यंत पोहोचली. सयाजीरावांनी मौलाबक्षांच्या हाती बडोद्याची गायनशाळा १८८६ मध्ये सोपवली. तिचाच वारसा आज महाराजा सयाजीराव विद्यापीठात चालतो. या सगळ्या आश्रयदात्यांनी नेमके काय दिले, असे विचारले तर उत्तर एकच येते: गुरूला निश्चिंती आणि शिष्याला वेळ. दरबाराचे दोष मोठे होते. राजाची मर्जी फिरली की गायकाचा शिधा बंद होई, आणि कोणाला शिकवायचे, कोणाला नाही, यावर जात आणि घराणे यांचा पहारा असे. संस्थाने विलीन झाल्यावर ती व्यवस्था संपली हे लोकशाहीच्या दृष्टीने योग्यच झाले. पण तिने पुरवलेली निश्चिंती कुठून येणार, या प्रश्नाचे उत्तर विद्यापीठांनी पुरते दिले नाही. अभ्यासक्रम आले, परीक्षा आल्या, पदव्या आल्या. वेळ मात्र आला नाही.

या संक्रमणाचे सर्वांत बोलके उदाहरण खैरागढचे आहे. खैरागढचे राजे वीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी अकाली वारलेल्या आपल्या मुलीच्या, इंदिरेच्या स्मरणार्थ राजवाडा संगीतासाठी दिला आणि १९५६ मध्ये तिथे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झाले. सुरुवातीच्या काळात कुलगुरू म्हणून आले श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. मुंबईत जन्मलेले, भातखंड्यांचे शिष्य, लखनौच्या मॉरिस कॉलेजचे प्राचार्यपद दीर्घकाळ सांभाळलेले. पहिल्या नजरेला हे उदाहरण माझ्या म्हणण्याविरुद्ध जाते, कारण दान इमारतीचे होते. पण त्या राजवाड्याचे विद्यापीठ झाले ते कायद्याने. त्यामागे सरकारची जबाबदारी उभी राहिली, पदे निर्माण झाली, पगार राज्याच्या अंदाजपत्रकातून येऊ लागले. राजाच्या दानाने शासनाला कायमच्या खर्चात ओढून घेतले, हे या दानाचे खरे मोल. ते घडले नसते तर छत्तीसगडच्या एका लहान गावात एक सुंदर वाडा उरला असता. आजच्या देणगीदाराने खैरागढकडून हे घ्यावे: आपल्या पैशाबरोबर समोरच्याकडून काय बांधून घेता येईल, ते आधी ठरवावे.

परदेशात हा विचार अधिक स्पष्टपणे झालेला दिसतो. फिलाडेल्फियातली कर्टिस इन्स्टिट्यूट १९२४ मध्ये मेरी लुईस कर्टिस बोक यांनी स्थापली. ती विद्यापीठ नव्हे, पण तिचा आर्थिक पाया पाहण्याजोगा आहे. प्रकाशन व्यवसायातून आलेल्या घराण्याच्या पैशातून त्यांनी सव्वा कोटी डॉलरचा कायम निधी उभा केला आणि १९२८ पासून तिथे शिक्षणशुल्क घेतलेच जात नाही. सॅम्युअल बार्बर आणि लिओनर्ड बर्नस्टाइन तिथेच शिकले. महामंदी, महायुद्ध, महागाई या सगळ्यांतून ती सवलत टिकली, कारण तिच्यामागे कोणा धनिकाची दरवर्षीची इच्छा नव्हती, तर मुद्दलाला हात न लावण्याची शिस्त होती. येल विद्यापीठाच्या संगीत शाळेला २००५ मध्ये दहा कोटी डॉलरची देणगी मिळाली. तिथल्या जेमतेम दोनशे विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क त्यातून माफ झाले. देणाऱ्यांनी आपले नाव सुरुवातीला जाहीरही होऊ दिले नाही. ते स्टीफन आणि डेनिस ॲडम्स हे दांपत्य होते, हे काही वर्षांनी लोकांना कळले. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या विद्यापीठाचे. तिथे कमिल आणि तलत हसन यांच्या देणगीतून भारतीय शास्त्रीय संगीताचे कायम अध्यासन आहे. अमेरिकेतले विद्यापीठ भारतीय संगीताच्या प्राध्यापकाला कायमची खुर्ची देऊ शकते, आणि ख्याल-ठुमरीच्या आपल्या प्रदेशातल्या विभागांना दर जूनमध्ये तासिकांची जाहिरात काढावी लागते, याची मला खंत वाटते.

यावर पहिला आक्षेप संगीतक्षेत्रातूनच येतो. विद्यापीठातून गवई घडत नाही, तो गुरूच्या घरी घडतो. मग त्या विभागांवर पैसा कशाला? आक्षेप खरा वाटतो, कारण अनुभव पुष्कळसा तसाच आहे. पण कारण आणि परिणाम यांची इथे उलटापालट होते. विद्यापीठात गवई घडत नाही, कारण तिथे गुरूला एका शिष्याबरोबर रोज दोन तास बसण्याचा पगार कधी दिलाच गेला नाही. दिला तर काय होते ते कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीने दाखवले आहे. आयटीसी कंपनीने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ती उभी केली. गुरूंना आवारात राहायला घर, शिष्यांना शिष्यवृत्ती, आणि परीक्षेच्या वेळापत्रकाऐवजी तालमीचे वेळापत्रक, अशी तिची रचना. निसार हुसेन खाँसाहेबांची तालीम घेऊन रशीद खान तिथे घडले, अजय चक्रवर्ती तिथे घडले. उल्हास कशाळकर तिथे कितीतरी वर्षे गुरू होते, आणि त्यांचे स्वतःचे शिक्षण नागपूर विद्यापीठाच्या संगीत विभागातून गेलेले. विद्यापीठ आणि तालीम यांत वैर नाही; तालमीला पैसा लागतो, एवढेच.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शिक्षकाचा पगार देणे हे शासनाचे काम; ते देणगीदाराने अंगावर घेतले तर शासन हात झटकून मोकळे होईल. ही भीती निराधार नाही. रिक्त पदे न भरण्याची सवय झालेल्या व्यवस्थेला असे निमित्त पुरते. त्यामुळे देणगीच्या करारातच अट हवी: हा निधी मंजूर पदांव्यतिरिक्तच वापरला जाईल, आणि देणगी मिळाली त्या दिवशीची मंजूर पदसंख्या घटली तर निधीचे व्याज त्या काळापुरते दुसऱ्या सार्वजनिक विद्यापीठाच्या संगीत विभागाकडे वळेल. अशी अट विद्यापीठाला जाचक वाटेल, पण कुलगुरूंच्या हाती शासनाशी बोलताना ती एक दाखलाही देते. दान जर शासनाचे ओझे हलके करण्यासाठी असेल तर ते न दिलेले बरे. ते शासनाला आपल्या वाट्यावर टिकून राहायला भाग पाडणारे असले पाहिजे. देशात शाळांना छप्पर नाही तिथे संगीताला पैसा कसा मागता, हा प्रश्नही याच ओघात येतो. जो माणूस शाळेच्या छपरासाठी देतो त्याला कोणी अडवलेले नाही. ज्याने संगीतासाठीच द्यायचे ठरवले आहे त्याचा पैसा कुठे जावा, एवढाच इथला विषय आहे.

देणाऱ्याच्या हस्तक्षेपाचा धोका मात्र मला खरोखर गंभीर वाटतो. ज्याने पैसे दिले त्याने अमुक घराण्याचाच शिक्षक हवा म्हणावे, भाचीला प्रवेश मागावा, वार्षिक समारंभात आपल्या आवडीचा कलावंत बसवावा, हे सहज होऊ शकते; दरबाराचे दोष नव्या वेषात परत येऊ शकतात. मेरी बोक यांनी कर्टिसची सूत्रे दीर्घकाळ स्वतःकडेच ठेवली होती, म्हणजे उत्तम देणगीदारही सत्तेपासून दूर राहतोच असे नाही. यावर सद्भावनेचा भरवसा पुरत नाही, रचनाच तशी लागते. निवड समितीवर देणगीदार किंवा त्याचे नातलग नसावेत. निधीचा हिशेब विद्यापीठाच्या सर्वसाधारण खात्यात न मिसळता वेगळा लिहिला जावा आणि दरवर्षी छापला जावा. अध्यासनाला देणाऱ्याचे नाव द्यायला हरकत नाही; नाव दिल्याने गाणे बिघडत नाही. शिक्षक कोण आणि विद्यार्थी कोण हे मात्र फक्त गाणे ऐकणाऱ्यांनी ठरवावे.

शुल्कमाफीबद्दलही एक गोष्ट कबूल करायला हवी. कर्टिस किंवा येलमध्ये शुल्क नाही म्हणून गरीब घरातले मूल तिथे पोहोचतेच असे नाही. प्रवेशाच्या चाचणीत जे सादर करावे लागते ते यायला आधीची आठ-दहा वर्षे चांगली शिकवणी लागते आणि तिचा खर्च आईवडिलांनीच केलेला असतो. आपल्याकडेही एम. ए. संगीताला येणाऱ्या विद्यार्थ्याच्या तयारीवर त्याच्या गावात कोण शिकवत होते याची छाप असते. धाराशिव किंवा गडचिरोलीतल्या मुलीला विद्यापीठाची फी परवडेलही, पण पुण्यात खोलीचे भाडे, मेसचे पैसे आणि रियाझाला दार बंद करता येईल अशी जागा यांचे काय? वरच्या पायरीवरची देणगी खालची पायरी बांधत नाही, ही तिची मर्यादा आहे. म्हणूनच शुल्कमाफीपेक्षा निर्वाहवेतनाला मी अधिक महत्त्व देईन. शासकीय विद्यापीठाचे शुल्क तसेही फार नसते. शिष्याला खरा खर्च राहण्याचा आणि शिकवण्या घेत न फिरता रियाझ करत बसण्याचा असतो.

आता आकड्यांकडे येऊ, कारण कायम ठेव हा शब्द ऐकला की रक्कम डोंगराएवढी असेल असे वाटते. सातव्या वेतन आयोगानुसार सहायक प्राध्यापकाचे सुरुवातीचे मूळ वेतन महिना ५७,७०० रुपये आहे. भत्ते धरून वर्षाला साधारण बारा-तेरा लाख होतात. सुरक्षित गुंतवणुकीवर सात टक्के मिळाले असे धरले, तर त्यातले चारच टक्के खर्चावेत आणि तीन मुद्दलात परत घालावेत. नाहीतर महागाईने दहा-बारा वर्षांत निधी पोखरला जाईल, आणि बॉमोल यांनी दाखवल्याप्रमाणे शिक्षकाचा पगार तर महागाईच्याही पुढे धावतो. चार टक्क्यांच्या हिशेबाने एका अध्यासनाला सव्वातीन कोटी लागतात. महिना चाळीस हजारांवर एक पूर्णवेळ तबलावादक संगतकार ठेवायचा तर एक कोटी वीस लाख. दहा विद्यार्थ्यांना महिना बारा हजारांचे निर्वाहवेतन द्यायचे तर तीन कोटी साठ लाख. तिन्ही मिळून आठ कोटींच्या आसपास. शहरात मोठे वातानुकूलित सभागृह बांधायला निघालेल्या देणगीदाराला हा आकडा परका वाटणार नाही. आणि ज्यांच्याकडे दहा लाखच आहेत त्यांनी पदक ठेवण्याऐवजी विभागाच्या तंबोऱ्यांची काळजी वाहावी. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याच मिरजेतल्या कारागिराने वर्षातून दोनदा येऊन जवारी काढावी, तडकलेला भोपळा सांधावा, तारा बदलाव्यात, एवढी सोय त्या व्याजातून निघते. जवारी उतरलेल्या तंबोऱ्यावर शिकलेल्या मुलाला खुला गंधार ऐकू कसा येणार?

मोठा पैसा ज्यांच्याकडे आहे त्या कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशाला मात्र हा मार्ग आजच्या नियमांनी बंद आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांनी गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक जबाबदारीपोटी खर्चायची असते, आणि त्या कामांच्या यादीत कला व संस्कृतीचे जतन आहे. पण जानेवारी २०२१ पासून कोणत्याही संस्थेच्या कायम निधीत घातलेली रक्कम या खर्चात धरली जात नाही. बहुवर्षीय प्रकल्पालाही सुरुवातीचे वर्ष वगळून तीन वर्षांची मर्यादा आहे. ख्यालगायकाची तालीम तेवढ्यात अर्ध्यावरही येत नाही. म्हणजे या पैशातून कंपनी विभागाला इमारत देऊ शकते, वाद्ये देऊ शकते, महोत्सव देऊ शकते. गुरू देऊ शकत नाही. ठेवीच्या नावाखाली पैसा अडवून ठेवण्याचे प्रकार थांबावेत हा या बंदीचा हेतू असेल तर तो समजण्यासारखा आहे. पण सार्वजनिक विद्यापीठाच्या लेखापरीक्षित ठेवीला तो हेतू लागू पडत नाही. याच कायद्याच्या सातव्या परिशिष्टात विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यकातल्या संशोधनासाठी सार्वजनिक विद्यापीठांना पैसा देण्याची स्वतंत्र तरतूद केलेली आहे. त्या कलमात प्रयोगक्षम कलांच्या अध्यापनाची भर घालावी, आणि फक्त सार्वजनिक विद्यापीठांच्या अध्यासनांपुरती कायम निधीवरची बंदी उठवावी, ही मागणी संगीत विभागांनी आणि कुलगुरूंनी एकत्रितपणे केंद्राकडे लावून धरली पाहिजे. तोवर हा भार व्यक्तिगत देणगीदारांवर आणि माजी विद्यार्थ्यांवर आहे. कायम निधीत रक्कम देण्यापासून त्यांना कोणताही नियम अडवत नाही.